उन्हाची सवय

कार्डिफमध्ये पारा तिशीच्या पुढे गेला की आमच्या शेजारचे ग्लिन शर्ट काढून पुढच्या बागेत खुर्ची टाकतात आणि दुपारपर्यंत गाजरहलव्याच्या रंगाचे होतात. मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले की हात वर करून म्हणतात, "लव्हली, इझन्ट इट? यू मस्ट बी यूज्ड टू धिस."

हे वाक्य मी कितीतरी वर्षं शाल-श्रीफळासारखं स्वीकारत आले. बसस्टॉपवर, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, आमच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी करताना, उन्हाळ्यात कुणी ना कुणी ते म्हणायचंच. मग मी किंचित मान झुकवून सांगायची, "वेल, आय ग्रू अप इन फॉर्टी-फाइव्ह डिग्रीज." समोरचा माणूस आदराने बघायचा. अकोल्यात जन्मण्यात माझं कर्तृत्व शून्य, पण फुकटचा आदर कुणाला नको असतो.

आता मी "नो, ग्लिन, आय ॲम नॉट" म्हणते आणि आत जाऊन पडदे ओढते. ग्लिनना वाटतं, मी कशावरून तरी नाराज आहे.

या आठवड्यात पुन्हा उन्हाची अंबर वॉर्निंग, म्हणजे धोक्याचा इशारा, लागली आहे. रेडिओवरची बाई सांगते, पाणी प्या, सावलीत बसा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांची चौकशी करा. रूळ तापले म्हणून गाड्या हळू चालल्या आहेत. दुकानांतले पंखे संपले आहेत. या देशाला उन्हाचं दर वर्षी नव्याने आश्चर्य वाटतं. पूर्वी मला त्याचं हसू यायचं. हल्ली वाटतं, आश्चर्य वाटून घरात बसणारा माणूस निदान घरात तरी असतो.

आणि घर तापलं की मला कांद्याचा वास येतो. स्वयंपाकघरात कांदा नसला तरी येतो.

आम्ही तिघं अकोल्याचे, एकाच ज्युनियर कॉलेजातले. सुनंदा इथे कार्डिफच्याच एका हॉस्पिटलमध्ये अपघात विभागाची कन्सल्टंट आहे. मिलिंद इथल्याच ब्रॅकनेल गावी, परवापरवापर्यंत सॉफ्टवेअरमध्ये. तो दर चौदा एप्रिलला, जयंतीला, कॅमडेनच्या त्या घरी डोकं टेकवायला जातो, आणि येताना आमच्यासाठी तिथल्या जिन्याचा एक फोटो पाठवतो, दर वर्षी तोच जिना. तिसरी मी, अंजली. तिघं भेटलो की आमची पुण्या-मुंबईची, इंग्रजी शिवलेली मराठी गळून पडते आणि वऱ्हाडी सुरू होते. मुलींनी 'बे' म्हणायचं नसतं असं कॉलेजात आम्हाला बजावलं गेलं होतं. म्हणून आम्ही दोघी अजून म्हणतो.

चार उन्हाळ्यांपूर्वी तिघांच्या रजा जुलैत जुळल्या. अमेरिकेतलं वाळवंट गाडीने पाहायचं ही मिलिंदची जुनी हौस. आमच्या घरच्यांनी जुलै आणि वाळवंट हे दोन शब्द एका वाक्यात ऐकून यायला नकार दिला. आम्ही त्यांना हसलो.

लास वेगासच्या विमानतळाबाहेर पाय टाकला आणि तिघंही जागच्या जागी थांबलो. भाकरी उलटताना तव्यावर वाकलं की तोंडाला लागते ती झळ, पण सगळ्या अंगाला आणि सगळ्या बाजूंनी. मिलिंदने डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "मे महिना. टिळक रोड. दुपारचे दोन." आम्हा तिघांना एकाच वेळी घरी आल्यासारखं वाटलं. पुढचं सगळं त्या एका श्वासात सुरू झालं असावं.

त्या शहराने मला जो धक्का दिला तो पापाचा नव्हता. पापाची मी तयारी करून गेले होते. आमच्या हॉटेलच्या आत एक कालवा होता, त्यात होड्या, होडीत पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला नावाडी, आणि वर छताला रंगवलेलं आकाश. त्या आकाशात कायमची संध्याकाळ होती. सकाळी नाश्त्याला खाली उतरावं तर संध्याकाळ. घड्याळ कुठेही नाही, खिडकीही नाही.

"पाणी खरं असन का बे?" मिलिंदने विचारलं आणि वाकून बोट बुडवलं. "पाणी खरं आहे. गाव खोटं आहे."

मी जिथे राहते त्या देशात थाटामाटाची कमतरता नाही. सोन्याचा मुलामा दिलेली काठी घेऊन पुढे चालणारा माणूस, घोड्याच्या केसांचा टोप घातलेला न्यायाधीश, पीसवाल्या टोप्या. पण तिथे थाट जुना असल्याची सगळे गंभीरपणे खात्री देतात. इथे ओसाड जमिनीवर अर्ध्या उंचीचं पॅरिस बांधून ठेवलं होतं आणि कुणीही ते खरं असल्याचा दावा करत नव्हतं. मला हे प्रामाणिक वाटलं आणि त्यानेच हबकायला झालं. रस्त्याच्या कडेला नळ्यांतून चालणाऱ्यांच्या अंगावर पाण्याचे तुषार उडत होते. एका हॉटेलसमोरच्या तळ्यात कारंजी गाण्याच्या तालावर नाचत होती. वाळवंटात पाणी नाचवतात हे मी पाहिलं आणि, लाज वाटते सांगायला, टाळ्या वाजवल्या.

एक बाई आठवते. पांढरे केस, नाकात नळी, शेजारी चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर, आणि समोर दिवे लुकलुकणारं मशीन. बोट बटणावर. सुनंदा तिच्यापाशी थबकली.

"हिचे ओठ पाहा. माझ्या डिपार्टमेंटला असती तर मी हिला आत्ताच्या आत्ता ॲडमिट केलं असतं."

बाईने वळूनही पाहिलं नाही. वेट्रेसने येऊन तिच्यासमोर एक ग्लास ठेवला. आजूबाजूला शेकडो माणसं होती आणि त्यांपैकी कुणालाच काही विचित्र वाटत नव्हतं. "माणूस डोळ्यादेखत गुदमरतं आणि शेजारच्याला दिसत नाही," मी म्हणाले. फार शहाणपणाने म्हणाले. तेव्हा मी स्वतःला बघणाऱ्यांतली समजत होते.

मग दऱ्या. पहिली मोठी दरी पाहिली तेव्हा मी काही बोलले नाही, आणि ही माझ्या बाबतीत बातमी आहे. तांबडे, पिवळे, जांभळे खडकांचे थर, एकावर एक, कुणीतरी अफाट रजया घड्या घालून ठेवल्यासारखे. खाली, फार खाली, हिरवा दोरा; ती नदी. काठावर कठडा, कठड्याला टेकलेले फोटोवाले. दोन दिवस आम्ही असं कठड्याच्या अलीकडून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मिलिंदला एका छोट्या दरीचा पत्ता लागला. फार कुणी जात नाही, तळाशी झरा आहे, सावली आहे, असं कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं होतं.

वाटेतल्या गावात पाणी घ्यायला थांबलो. तिथे मिलिंदला कांदे दिसले. नारळाएवढे एकेक. त्याने तीन निवडले आणि गाडीत येऊन आम्हा दोघींच्या हातात एकेक ठेवला.

अकोल्यात उन्हात निघणाऱ्याच्या खिशात आई कांदा घालते. लू लागत नाही म्हणतात. लू म्हणजे उन्हाळ्यातला तो कोरडा वारा, जो माणसाला उभ्याउभ्या पाडतो.

"सुनंदा, मेडिकल ओपिनियन?" मी विचारलं.

"एव्हिडन्स नाही," ती कांदा पँटच्या खिशात कोंबत म्हणाली, "पण अपायही नाही."

गंमत होती. पण तिघांनीही कांदा खिशात ठेवला, हेही खरं.

वाटेच्या तोंडाशी एक फलक होता, त्यावर उन्हाने ओकाऱ्या काढणाऱ्या माणसाचं चित्र. फलकाशेजारी खुर्चीवर एक म्हातारी स्वयंसेविका बसली होती, रुंद टोपी घातलेली. तिने आमच्या बाटल्या पाहिल्या, मग आमचे बूट, मग घड्याळ. साडेनऊ होऊन गेले होते. कुठून आलात म्हणाली. युके म्हटल्यावर तिचा चेहरा पडला.

"ओरिजिनली फ्रॉम अ व्हेरी हॉट प्लेस," सुनंदाने हसून सांगितलं.

बाई हसली नाही. "मॅम," ती म्हणाली, "धिस इज अ डिफरंट वन." दहाच्या पुढे खाली कुणी जाऊ नये असंही म्हणाली. आम्ही तिचे आभार मानले आणि खाली उतरलो.

उतरताना सोपं असतं. गुडघे बोलतात, पण छाती बोलत नाही. दोन्ही बाजूंचे खडक तापत होते आणि आम्ही अकोल्याच्या उन्हाळ्यांच्या गोष्टी एकमेकांना सांगत होतो, जणू ऐकणारे तिथे वाढलेच नव्हते. डांबर कसं चपलेला चिकटायचं. सायकलची सीट कशी पोळायची. कुणी किती वाजता कुठे अनवाणी गेलं होतं. प्रत्येक गोष्टीत ऊन थोडं वाढत होतं आणि आम्ही थोडे शूर होत होतो.

अर्ध्या वाटेवर मिलिंद थांबला. एका दगडाला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, "परत वळू या. मला बरं नाही वाटत."

पुरतं, स्वच्छ वाक्य. त्यात न समजण्यासारखं काहीही नव्हतं.

आणि मी म्हणाले, "काऊन बे, ब्रॅकनेलचा झाला का तू?"

सुनंदा खो-खो हसली. मिलिंदही हसला. त्याने बाटली पिशवीत टाकली आणि तो पुढे चालायला लागला.

तळाशी झरा नव्हता. खडकावर एक ओला डाग होता, त्याभोवती गांधीलमाश्या.

परतीच्या चढावर मिलिंद गप्प झाला. हे मला आत्ता लिहिताना दिसतं; तेव्हा मला फक्त चढ दिसत होता. गोष्टी सांगणं बंद झालं ते आधी त्याचं. मग एका वळणावर तो खाली बसला, अगदी आरामात, आणि म्हणाला, "कूलरमध्ये पाणी घातलं का?"

आम्ही दोघी हसलो.

मला वाटलं, काय सुरेख विनोद केला यानं. अकोल्यात दुपारी घराघरांत ऐकू येणारं वाक्य, वाळ्याच्या ताट्यांचा वासच आला त्यातून. मी म्हटलंसुद्धा, "घातलं, घातलं, झोप तू."

"आई ओरडन," तो म्हणाला. "पाणी घाला नं."

मिलिंदची आई जाऊन बारा वर्षं झाली होती.

सुनंदाचं हसू कुठे संपलं आणि चेहरा कुठे सुरू झाला ते मला कळलं नाही. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट कोरडा होता. मघाशी तो भिजून अंगाला चिकटला होता, आता पापडासारखा कडक झाला होता, आणि त्याखालचं अंग भाजत होतं. तीस वर्षं ती हेच ओळखायचा पगार घेत होती. तिने आमच्या तिघांच्या बाटल्यांतलं उरलेलं सगळं पाणी त्याच्या अंगावर ओतलं, मला ओढणीने वारा घालायला सांगितलं, आणि इंग्रजीत पुटपुटत राहिली, "हाउ डिड आय मिस धिस. हाउ डिड आय मिस धिस." मी वारा घालत होते. हात थांबवला तर तो मरेल, एवढीच एक गोष्ट मला कळत होती.

आमच्या मागून दोन तरुण मुली वर येत होत्या. त्यांच्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र होतं. आमच्याकडे तीन कांदे होते.

हेलिकॉप्टर आलं तेव्हा तो कुणाशीच बोलत नव्हता.

त्याला नेलं ते त्या खोट्या संध्याकाळच्या शहरातच. हॉस्पिटल मात्र खरं होतं, आणि त्याच्या भिंतीवर घड्याळ होतं. दोन दिवस त्याला झोपवून ठेवलं. मूत्रपिंडं सावरतील असं डॉक्टर म्हणाले, पण जागा होईल तेव्हा तो मिलिंदच असेल का, हे कुणी सांगेना. सुनंदाने विचारायचं थांबवलं, कारण उत्तर तिला माहीत होतं आणि ते 'माहीत नाही' असंच होतं. पहिल्या दिवशी एका नर्सने माझ्याकडे पारदर्शक पिशवी दिली, सोबत यादी. घड्याळ, चष्मा, बेल्ट, फोन, आणि तितक्याच नीट अक्षरात: कांदा, एक. तिने मला सही करायला सांगितलं. मी हयातभर याद्या करत आले आहे; अशा यादीवर सही करायची वेळ कधी आली नव्हती.

दुपारी पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडले. उन्हात चालवेना म्हणून केलेल्या टॅक्सीने मला त्याच कारंज्यापाशी सोडलं. पाणी वर उसळत होतं, वाकत होतं, लोक टाळ्या वाजवत होते. मिलिंदच्या अंगावर आम्ही ओतलं ते पाणी मला आठवलं, शेवटचे थेंब बाटली उलटी धरून झटकलेले. मी दुसरी टॅक्सी करून हॉस्पिटलला परतले.

तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. सुनंदाने त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, वार विचारला. त्याने तिन्ही सांगितली, वार चुकीचा. ती बाहेर जाऊन रडली. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "परत वळू या म्हटलं होतं मी."

"हो," मी म्हणाले. "मी ऐकलं होतं."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "सवय नाही नं. आमच्या घरात मागं वळणं कुणी शिकवलंच नाही. वळून जायचं कुठं होतं? आयुष्यात एकदा म्हणून पाहिलं, तर तू म्हणते ब्रॅकनेलचा झाला."

चाळीस वर्षांची मैत्री. हा माणूस नेहमी पुढे असतो याचं मी कौतुक करत आले होते. तो पुढे का असतो हे मला त्या दिवशी, नळ्यांच्या जंजाळात पडलेल्या त्याच्या तोंडून कळलं. मोठे लोक थाटात बोलले की मला हसू येतं. माझ्या स्वतःच्या थाटाचं मला कधी आलं नव्हतं. पंचेचाळीस डिग्रींचा तो माझा टोप, ती माझी सोन्याची काठी. आणि त्या मिरवणुकीत मी आजारी माणसाला पुढे चालवत होते.

नंतर मी खूप आठवून पाहिलं. अकोल्यात दुपारी दोन वाजता टिळक रोडवर आम्ही काय करत होतो? काही नाही. आम्ही तिथे नव्हतोच. कुणीच नसायचं. आई दहा वाजता खिडक्या लावून घ्यायची, जमीन पुसून घ्यायची, कूलर सुरू करायची, आणि पाचपर्यंत जो दार उघडेल त्याचे पाय मोडायची धमकी द्यायची. डांबर चिकटल्याच्या, अनवाणी चालल्याच्या त्या गोष्टी खऱ्या होत्या, पण त्या एकेकदाच घडल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी मार होता. गोष्टी सांगताना आम्ही मार गाळत आलो. अकोल्याने आम्हाला ऊन सोसायला शिकवलंच नव्हतं. ऊन टाळायला शिकवलं होतं. अख्ख्या गावाची ती विद्या, आणि आम्ही परदेशात येऊन तिचा उलटा अर्थ मिरवत होतो. कांदा खिशात घालून आई वर म्हणायची, "सावलीसावलीनं जा, आणि लवकर ये." आमच्यापाशी कांदा तेवढा उरला होता.

सुनंदा दर जूनमध्ये ज्युनियर डॉक्टरांना उष्माघातावर लेक्चर देते. त्यात एक केस असते, पन्नाशीतला पुरुष, पूर्वी तंदुरुस्त. लक्षणं क्रमाने लिहिलेली. तिसरी ओळ मी तिच्या लॅपटॉपवर पाहिली होती: 'पेशंट कन्फ्यूज्ड. कम्पॅनियन्स लाफ्ड.' ती ओळ काढ म्हणून मी तिला सांगितलं नाही.

मिलिंद ठीक आहे. डावा हात कधी कधी थरथरतो आणि वार अजून चुकतो; तो म्हणतो, रिटायर माणसाला वार कशाला लागतो. दर उन्हाळ्यात एक शनिवार तो गाडीने कार्डिफला येतो आणि आम्ही तिघं उत्तरेकडच्या डोंगरांत चालायला जातो. परवा गेलो. वॉर्निंग बाराला लागणार होती म्हणून सातलाच निघालो होतो. मेंढ्या भिंतींच्या सावलीला चिकटून उभ्या होत्या. गवत जळून अकोल्याच्या मैदानासारखं झालेलं. साडेनऊच्या सुमारास माथा दिसायला लागला, वीस मिनिटांवर. वर झेंड्यासारखे फडफडणारे कुणाचे तरी टॉवेल दिसत होते. मला वर जायचं होतं. पाय छान चालत होते.

मिलिंद पुढे चालला होता. सात वाजल्यापासून तो त्याच्या ब्रॅकनेलच्या कौन्सिलबद्दल बोलत होता, कचऱ्याच्या डब्यांच्या रंगांबद्दल, आणि आम्ही कंटाळून हो-हो करत होतो. एका फाटकापाशी मला जाणवलं की मी बऱ्याच वेळात हो म्हटलेलं नाही; डब्यांची गोष्ट थांबली होती.

त्याच्या शर्टाकडे पाहिलं. पाठीवर ओला होता. तरीही मी थांबले.

"मला परत वळायचंय," मी म्हणाले.

सुनंदा थांबली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मिलिंद हळूच वळला. माथ्याकडे एक नजर टाकली, माझ्या तोंडाकडे टाकली. मी काय करते आहे हे त्याला कळलं होतं. चार वर्षं त्याने ते वाक्य खिशात ठेवलं असावं.

"काऊन वं," तो म्हणाला, "कार्डिफची झाली का तू?"

"झाली ना बाप्पा," मी म्हणाले. "चाल खाली."